काउंटरमागील शेजारी : फ्लॉरेन्स केली (१८५९–१९३२)



नोव्हेंबर उजाडला की आपल्या घरांतून ख्रिस्तजन्मोत्सवाची कुजबुज सुरू होते. आजीला साडी, धाकट्याला बूट, दूरगावी दिलेल्या बहिणीला पार्सल, जावईबापूंना शर्टाचे कापड. आपण नगरला असा, नागपूरला असा, की इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहून घरात मराठी राखून असा, ही यादी सगळीकडे सारखीच. आणि यादी लवकर होऊनही प्रत्यक्ष खरेदी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर जाते, हेही सगळीकडे सारखेच. वर्तमानपत्रांतील आणि आता मोबाइलच्या पडद्यावरील जाहिराती आपल्याला आर्जवाने सांगत असतात की, लवकर या, लवकर घ्या. ही युक्ती व्यापाऱ्यांनी काढली असावी असे आपण सहजच समजतो.

परंतु अमेरिकेत ही हाक ज्यांनी प्रथम कळकळीने दिली त्यांना काहीही विकायचे नव्हते. त्यांना दुकानाच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलींचे सुजलेले पाय दिसत होते. डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्रीपर्यंत घरोघर गाठोडी पोचवणारी पोरे दिसत होती. फ्लॉरेन्स केली हे त्या बाईंचे नाव. समाजसेवेचा इतिहास शिकणाऱ्यांना ते परिचित आहे. आपल्या मंडळ्यांतून मात्र ते फारसे ऐकू येत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ सप्टेंबर १८५९ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. हे शहर आपल्याला अगदीच परके नाही. येथेच १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि त्यांचा पदवीदान समारंभ पाहण्यास पंडिता रमाबाई गेल्या होत्या. फ्लॉरेन्सचे वडील विल्यम केली हे न्यायाधीश होते, पुढे १८६१ पासून १८९० साली मृत्यू येईपर्यंत ते अमेरिकन संसदेत प्रतिनिधी होते. गुलामगिरीचे ते कट्टर विरोधक. घर सुखवस्तू होते, पण त्या घरावर मृत्यूची छाया सतत होती. फ्लॉरेन्सच्या पाच बहिणी एकामागून एक लहानपणीच वारल्या. मुलींपैकी तेवढी हीच वाचली. ज्या आईने पाच लेकी पुरल्या तिच्या सहवासात वाढलेल्या मुलीला बालमृत्यू हा शब्द कधीच केवळ आकडा वाटला नाही.

फ्लॉरेन्स सात वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी तिला वाचायला शिकवले. त्यासाठी त्यांनी निवडलेले पुस्तक परीकथांचे नव्हते. इंग्लंडमधील वीटभट्ट्यांवर ओल्या मातीचे गोळे डोक्यावर वाहणाऱ्या मुलांची चित्रे त्यात होती. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ही निवड रुचली नाही. वडिलांचे मत असे की, सुरक्षित घरात वाढणाऱ्या मुलांना इतर मुलांचे जिणे ठाऊक असलेच पाहिजे. पुढे १८७१ साली, ती बारा वर्षांची असताना, त्यांनी तिला पेनसिल्व्हेनियातील कारखाने दाखवायला नेले, तेही रात्री. आधी पोलादाचा कारखाना आणि नंतर काचेचा. काचकारखान्यात धगधगत्या भट्टीसमोर तिच्याहून लहान मुले काचकाम करणाऱ्यांच्या पायाशी बसून तापलेले साचे सांभाळत होती. रात्रीचे दोन वाजले होते. तेथे पोलादाची काळजी होती, काचेची काळजी होती, पण मुलांकडे कोणी पाहत नव्हते. हे दृश्य फ्लॉरेन्सबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

दुसरा धडा त्यांना आईच्या माहेरच्या बाजूने मिळाला. त्यांच्या आईला लहानपणीच पोरकेपण आले होते व एका क्वेकर कुटुंबाने तिचा सांभाळ केला होता. त्या घरातील सारा प्यू या आजीसमान बाई मोठ्या व्रतस्थ. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या त्या अध्यक्षा होत्या. त्या साखर खात नसत आणि सुती कापड वापरत नसत. ऊस आणि कापूस दोन्ही गुलामांच्या घामावर पिकतात, मग ती गोडी जिभेवर आणि ते कापड अंगावर कसे घ्यावे, असा त्यांचा प्रश्न असे. एका म्हातारीने साखर सोडल्याने दक्षिणेतला एकही गुलाम मुक्त होत नाही, हे त्यांनाही कळत होते. तरी त्यांनी ते व्रत मोडले नाही. वाचकहो, हा प्रसंग लक्षात ठेवा. फ्लॉरेन्सबाईंचे पुढचे सारे कार्य या साखरेच्या रिकाम्या भांड्यातून निघाले, असे मला वाटते.

शिक्षण कॉर्नेल विद्यापीठात झाले. मध्येच मोठे आजारपण आल्यामुळे १८७६ साली प्रवेश घेतलेल्या फ्लॉरेन्सबाईंना पदवी मिळाली १८८२ मध्ये. प्रबंधाचा विषय होता कायद्यातील बालकाचे स्थान. पुढे कायद्याचा अभ्यास करावा म्हणून त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे अर्ज केला, पण स्त्री असल्याने तो नाकारण्यात आला. तेव्हा त्या युरोपात गेल्या आणि स्त्रियांना दार उघडे असलेल्या झुरिकच्या विद्यापीठात शिकू लागल्या. तेथे त्या समाजवादी झाल्या. तेथेच १८८४ साली लाझार विश्नेवेत्स्की या वैद्यकीच्या विद्यार्थ्याशी त्यांनी विवाह केला.

त्या काळात त्यांनी एंगेल्सच्या इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीवरील जर्मन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. ते १८८७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक पिढ्यांनी तो ग्रंथ इंग्रजीत वाचला तो याच भाषांतरात. मूळ लेखकाचे नाव सर्वांना पाठ असते, भाषांतरकाराचे कोणाला आठवत नाही. आम्हां भाषांतर करणाऱ्यांना याची सवय असते, तक्रार नाही. मात्र एंगेल्सचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असेल, याची मला कल्पना आहे. ही गोष्ट गाळून त्यांचे चरित्र अधिक सोवळे करता आले असते. पण ते खरे झाले नसते. फ्लॉरेन्सबाई पुष्कळ वर्षे कोणत्याही चर्चच्या मंडळीत बसणाऱ्या नव्हत्या आणि आपला समाजवाद त्यांनी कधी लपवला नाही. शेजारी कोण, हा प्रश्न मात्र त्यांनी आपल्यातल्या पुष्कळांपेक्षा अधिक गंभीरपणे घेतला.

१८८६ साली हे जोडपे न्यूयॉर्कला आले. निकोलस, मार्गारेट आणि जॉन अशी तीन मुले झाली. संसार मात्र विसकटला. कर्ज वाढले आणि पतीचा हात उठू लागला. १८९१ च्या डिसेंबरअखेर फ्लॉरेन्सबाई तीन लेकरांना घेऊन घराबाहेर पडल्या आणि शिकागोला निघून गेल्या. तेथील कायदा पतीपासून विभक्त होणाऱ्या स्त्रीला न्यूयॉर्कपेक्षा अधिक अनुकूल होता.

नाताळ आणि नववर्ष यांच्यामधला एक दिवस. बाहेर बर्फ पडलेले. न्याहारीची वेळ अजून व्हायची होती. शिकागोच्या गरीब वस्तीतील हल हाउस या सेवागृहाच्या दारी फ्लॉरेन्सबाई येऊन उभ्या राहिल्या तेव्हा दार उघडण्याची वाट पाहत एक मूलनिवासी अमेरिकन गृहस्थ तेथे आधीच उभे होते. दार उघडले ते खुद्द जेन अ‍ॅडम्स यांनी. त्यांच्या कडेवर स्वयंपाकीणबाईंचे गुबगुबीत मूल होते. कोण, कोठली, का आलीस, अशी चौकशी झाली नाही. जणू या बाई यायच्याच होत्या अशा रीतीने त्यांना आत घेण्यात आले. बेथलेहेमात जागा न मिळालेल्या कुटुंबाची कथा आपण दरवर्षी नाटकातून दाखवतो. त्या आठवड्यात शिकागोत एका कुटुंबाला जागा मिळाली. मुलांची व्यवस्था शहराबाहेर एका स्नेही कुटुंबात झाली, पुढच्या वर्षी न्यायालयाने मुलांचा ताबाही आईला दिला. फ्लॉरेन्सबाई सात वर्षे हल हाउसमध्ये राहिल्या.

तेथील कामाची हकीकत थोडक्यात सांगतो. आजूबाजूच्या खोल्याखोल्यांतून तयार कपड्यांची शिलाई चाले. एकाच खोलीत राहणे, जेवणे, आजारी पडणे आणि शिवणे. फ्लॉरेन्सबाईंनी घरोघर फिरून त्याची पाहणी केली. तिचा परिणाम म्हणून १८९३ साली इलिनॉय राज्यात कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी आणि स्त्रियांना आठ तासांचा दिवस, ही त्याची मुख्य कलमे. राज्यपाल आल्टगेल्ड यांनी फ्लॉरेन्सबाईंनाच मुख्य कारखाना निरीक्षक नेमले. १८९४ मध्ये शिकागोत देवीची साथ आली तेव्हा रोगी असलेल्या खोलीतच कोट शिवले जात आहेत आणि तेथूनच ते दुकानांत जात आहेत, असे त्यांना आढळले. एकदा तसबिरींच्या चौकटींना मुलामा देण्याच्या विषारी द्रवामुळे अकरा वर्षांच्या एका मुलाचा उजवा हात लुळा पडला. त्या मालकावर खटला भरण्यास सरकारी वकिलाने टाळाटाळ केली. तेव्हा या तीन मुलांच्या आईने नोकरी सांभाळून कायद्याचा अभ्यास केला आणि १८९५ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचे कलम रद्द केले. १८९७ मध्ये नव्या राज्यपालांनी त्यांनाच पदावरून दूर केले.

आता आपण नाताळच्या खरेदीकडे येऊ.

त्या काळी न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो येथे मोठमोठी बहुमजली दुकाने निघाली होती. एका छपराखाली कापड, खेळणी, मिठाई, हातमोजे, सारे काही. दिव्यांची रोषणाई, काचेच्या खिडक्यांतील देखावे. या दुकानांत हजारो तरुण मुली काउंटरमागे उभ्या असत. त्यांच्यासाठी बसायची आसने ठेवावीत असा कायदा होता; आसने असतही, पण त्यांवर बसलेली मुलगी आळशी ठरे. उशीर झाला तर दंड. त्याहून लहान मुली गिऱ्हाइकाने दिलेले पैसे आणि वस्तू घेऊन काउंटरपासून खजिनदारापर्यंत दिवसभर धावत. बाहेर घोडागाड्यांवर गाठोडी पोचवणारी पोरे असत. मे १८९० मध्ये न्यूयॉर्क शहरात झालेल्या एका मोठ्या सभेत या मुलींच्या स्थितीचा अहवाल वाचून दाखवण्यात आला. तो अ‍ॅलिस वुडब्रिज या कामकरी स्त्रीने तयार केला होता. त्यातून पुढच्याच वर्षी ग्राहक संघ स्थापन झाला. जोसेफिन शॉ लोवेल या त्याच्या पहिल्या अध्यक्षा.

या संघाने एक शांत पण धारदार उपाय शोधला. वाईट दुकानांची काळी यादी छापली तर कोर्टकचेरीचे भय होते. म्हणून त्यांनी चांगल्या दुकानांची शुभ्र यादी छापली. जेथे अनुभवी स्त्रीला आठवड्याला किमान सहा डॉलर मिळतात, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढेच काम असते, जेवायला पाऊण तास मिळतो, जास्त वेळ थांबवले तर त्याचा मोबदला मिळतो आणि चौदा वर्षांखालील मूल कामाला नसते, अशी ती दुकाने. पहिल्या यादीत बसणारी दुकाने बोटांवर मोजण्याइतकी निघाली. १८९९ साली अशा संघांचा मिळून राष्ट्रीय ग्राहक संघ झाला. त्याच्या सरचिटणीस म्हणून फ्लॉरेन्सबाई न्यूयॉर्कला आल्या आणि मरेपर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, त्यांनी ते पद सांभाळले.

वर्षाचे अकरा महिने कसेबसे सुधारता येत होते. बारावा महिना मात्र हाताबाहेर जाई. याचे कारण कायद्यातच होते. न्यूयॉर्क राज्याने १८९६ साली दुकानांतील एकवीस वर्षांखालील मुली व लहान मुले यांच्या कामाला आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली होती. पण १५ डिसेंबर ते १ जानेवारी हे दिवस त्यातून वगळले होते. म्हणजे ज्या पंधरवड्यात संरक्षणाची सर्वांत अधिक गरज, त्याच पंधरवड्यात ते काढून घेतलेले. प्रभूच्या जन्माचा सण हा कायद्यातला अपवाद ठरला होता! दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहत. त्यानंतर आवराआवर, मोजदाद. बहुतेक ठिकाणी या जादा वेळेचा एक पैसाही मिळत नसे. आणि सण संपला की तात्पुरत्या घेतलेल्या मुलींना निरोप.

१९०३ च्या डिसेंबरात चॅरिटीज नावाच्या साप्ताहिकात फ्लॉरेन्सबाईंनी एक लेख लिहिला. नाताळची विटंबना, असा त्याच्या मथळ्याचा अर्थ होतो. एका बालकाच्या जन्माचा आनंद म्हणून साजरा होणारा सण शहरातल्या हजारो बालकांना वर्षातील सर्वांत भयाचा काळ वाटावा, ही ती विटंबना. मिठाईच्या कारखान्यातील मुली, काउंटरमागील मुली, निरोप्ये, गाडीवरची पोरे, ही सारी माणसे सण संपण्याची वाट पाहत असतात. सण येण्याची नव्हे. आणि याला जबाबदार कोण? फ्लॉरेन्सबाईंनी बोट केवळ दुकानदाराकडे दाखवले नाही. त्यांनी ते ग्राहकाकडे वळवले. दुकान रात्री अकरापर्यंत उघडे राहते, कारण कोणीतरी रात्री साडेदहाला आत शिरते. तीन आठवड्यांपूर्वी घेता आली असती अशी बाहुली ते माणूस २४ तारखेला घेते आणि ती आज रात्रीच घरपोच हवी असे सांगते. ते माणूस दुष्ट नसते. ते आपल्या लेकीवर प्रेम करणारे असते. दुसऱ्याची लेक त्याला दिसत नाही, इतकेच.

वाचकहो, येथे मला पवित्र शास्त्राच्या भाषांतरातील एक बारकावा सांगावासा वाटतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडकवून ठेवलेल्या मजुरीविषयी वचन आहे. मूळ ग्रीक वाक्यात ओरडणारा कर्ता मजूर नाही, मजुरीच ओरडते. कापणी करणाऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी पोचतो, हे त्यानंतर येते. माणूस थकून गप्प झाला तरी त्याचे न दिलेले पैसे गप्प बसत नाहीत, असा त्यातला अर्थ. भाषांतर करताना या ठिकाणी वाक्य सोपे करून मजूर ओरडतो असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा लागतो. फ्लॉरेन्सबाईंच्या लेखांत आकडे का येतात, हे मला या वचनामुळे अधिक कळले. किती तास, किती सेंट, किती वय: ओरडण्याचे काम त्या आकड्यांकडे सोपवत.

ग्राहक संघाची मागणी साधी होती. नाताळची खरेदी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा त्याहूनही आधी उरका. दिवसा उजेडी करा, संध्याकाळ टाळा, शनिवारची दुपार टाळा. लहान गाठोडे स्वतः घेऊन जा. रात्री घरपोच आलेली वस्तू घेऊ नका. ही विनंती पत्रकांतून, वर्तमानपत्रांतून, स्त्रियांच्या मंडळांतून घरोघर पोचू लागली. फ्लॉरेन्सबाई स्वतः देशभर फिरून व्याख्याने देत. काळा साधा पोशाख, खणखणीत आवाज, आणि राग आला की तो न लपवणारा स्वभाव. १९०२ साली माउंट होलिओक महाविद्यालयात त्यांचे भाषण ऐकणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची तरुणी होती. तिच्याविषयी पुढे सांगतो.

पहिल्या महायुद्धापर्यंत ही हाक अमेरिकाभर घुमू लागली. १९१८ साली सरकारच्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेनेही नाताळची खरेदी आधीच्या महिन्यांत विभागून करण्याचा आग्रह धरला. तिचे कारण वेगळे होते, युद्धामुळे माणसे आणि वाहतूक तुटपुंजी होती. व्यापाऱ्यांना तर ही हाक फारच सोयीची वाटली. गिऱ्हाईक लवकर येते, दोन वेळा येते, अधिक घेते! त्यांनी ती उचलली आणि तिचा मागचा अर्धा भाग सोडून दिला. लवकर खरेदी करा, एवढेच उरले. कोणासाठी, ते गळून पडले. १९१२ साली न्यूयॉर्कमधील स्त्रियांनी निरुपयोगी भेटी देण्याविरुद्ध एक संस्थाच काढली होती. तिचे मूळ दुकानांतील मुलींच्या एका तक्रारीत होते. वरिष्ठांना नाताळची भेट द्यावी म्हणून या मुलींच्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढली जाई. भेट कोणाच्या खिशातून येते हा प्रश्न असा दोन्ही बाजूंनी विचारला जात होता.

आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. आमच्या लहानपणी नाताळचे कपडे शिवून घेत. कापड वडील पगार झाल्यावर, म्हणजे डिसेंबर लागल्यावर आणत. शिंप्याकडे टाकायला आणखी आठवडा जाई. मग २३ तारखेला रात्री आम्ही भावंडे त्याच्या दारात जाऊन उभे राहत असू. आत दिव्याखाली आमच्याच वयाचा एक मुलगा खाली मान घालून गुंड्या लावत बसलेला असे. आमचा शर्ट झाला की नाही एवढेच आम्ही विचारत असू. त्या मुलाचे नाव आम्ही कधी विचारले नाही. फ्लॉरेन्सबाईंचे चरित्र वाचताना तो मुलगा मला इतक्या वर्षांनी दिसला. पगारच उशिरा होत असेल तर खरेदी लवकर कशी करणार, हा प्रश्न रास्त आहे. फ्लॉरेन्सबाईंची विनंती मुळात ज्यांच्या हाती पैसा आणि वेळ दोन्ही होते अशांना होती, हेही नमूद केले पाहिजे. पण आज आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांत पगार वेळेवर होतो. दाराशी पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाची वाट आपण मोबाइलवर मिनिटामिनिटाने पाहतो. आणि उभे राहून पाय सुजणाऱ्या मुली इतिहासजमा झालेल्या नाहीत. दुकानात काम करणाऱ्यांना बसण्याचा हक्क देणारी तरतूद केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली केली, म्हणजे अगदी अलीकडे.

फ्लॉरेन्सबाईंचा केवळ ग्राहकाच्या सद्बुद्धीवर विसंबून राहण्याचा स्वभाव नव्हता. सारा प्यूंचे व्रत त्यांना पूज्य होते, पण गुलामगिरी शेवटी कायद्याने संपली हे त्या जाणून होत्या. कपड्यांवर लावण्यासाठी संघाने एक शुभ्र चिठ्ठी काढली होती, ज्या कारखान्यात मुले नाहीत आणि कायदा पाळला जातो त्याची ती खूण. तिचा उपयोग झाला, पण मर्यादितच. म्हणून खरी लढाई न्यायालयांत झाली. १९०८ साली ऑरेगॉन राज्याचा स्त्रियांच्या दहा तासांच्या दिवसाचा कायदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. फ्लॉरेन्सबाई आणि त्यांच्या सहकारी जोसेफिन गोल्डमार्क यांनी वकील लुई ब्रँडाइस यांना गाठले. त्यांनी सादर केलेल्या शंभरावर पानांच्या निवेदनात कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानांचा होता. बाकी सारे पान न पान देशोदेशींच्या निरीक्षकांच्या आणि डॉक्टरांच्या अहवालांनी भरलेले. थकलेल्या शरीराची साक्ष न्यायालयाने मानली आणि तो कायदा टिकला.

याच काळात त्यांच्यावर मोठा आघात झाला. १९०५ साली एकुलती एक लेक मार्गारेट नुकतीच महाविद्यालयात गेली होती. तेथे हृदयविकाराने तिचा अंत झाला. पाच बहिणी गमावलेल्या बाईने आता लेकही गमावली. त्यानंतर काम वाढले, कमी झाले नाही. १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या संस्थापकांत त्या होत्या. बालकांसाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र खाते असावे ही त्यांची आणि लिलियन वॉल्ड यांची कल्पना १९१२ मध्ये प्रत्यक्षात आली.

मग पराभवांची रांग लागली. १९१६ चा बालमजुरीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ साली रद्द केला. दुसरा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. १९२३ मध्ये स्त्रियांचे किमान वेतन रद्द झाले. मग संसदेने १९२४ साली घटनादुरुस्ती मंजूर केली, पण पुरेशा राज्यांनी तिला संमती दिली नाही. विरोधकांनी फ्लॉरेन्सबाईंच्या जुन्या समाजवादाकडे बोट दाखवून बालमजुरीबंदी हे रशियाचे कारस्थान ठरवले. खेदाची गोष्ट अशी की, विरोधकांत ख्रिस्ती पुढारीही होते. मुलांवरचा आईबापांचा अधिकार सरकार हिरावून घेईल, असे त्यांना वाटले. फ्लॉरेन्सबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या. त्यांनी पुन्हा पत्रके छापायला घेतली.

१९२७ साली त्या रीतसर क्वेकर मंडळीच्या सभासद झाल्या. ज्या उपासनेत प्रवचन नसते, सारे जण निःशब्द बसून प्रभूची वाट पाहतात, तेथे ही वादळी बाई बसू लागली. सारा प्यूंच्या घराचा रस्ता त्यांनी अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा गाठला, एवढेच मी म्हणेन. त्यांच्या अंतःकरणाविषयी यापेक्षा अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही. १७ फेब्रुवारी १९३२ रोजी फिलाडेल्फियातील जर्मनटाउन भागात त्यांचे निधन झाले.

माउंट होलिओकमध्ये त्यांचे भाषण ऐकलेली ती तरुणी, फ्रान्सिस पर्किन्स, आधी न्यूयॉर्कच्या ग्राहक संघाची चिटणीस झाली आणि १९३३ साली अमेरिकेची मजूरमंत्री. त्या देशाच्या मंत्रिमंडळातील ती पहिली स्त्री. तिच्या कारकिर्दीत १९३८ साली किमान वेतन, कामाचे तास आणि बालमजुरीबंदी यांचा देशव्यापी कायदा झाला. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि १९१८ चा आपला निर्णय चुकीचा ठरवला. काचकारखान्यातील त्या रात्रीला तेव्हा सत्तर वर्षे झाली होती.